अपिलाची पायाभरणी खालच्या न्यायालयातच

"खालच्या कोर्टात काहीही होवो, वर हायकोर्ट आहेच!" फौजदारी खटल्यात सापडलेल्या कुटुंबांना हे धीराचे शब्द हमखास ऐकावयास मिळतात. त्यांतील धोका वाचकांच्या ध्यानी आणून द्यावा, असे आम्हांस वाटते.

अपील म्हणजे खटल्याची पुनरावृत्ती नव्हे. वरिष्ठ न्यायालय सहसा साक्षीदारांना पुन्हा बोलावीत नाही; खाली जे नोंदले गेले, त्यावरूनच ते विचार करते. म्हणून हरकत वेळीच घ्यावी व तिची नोंद करून घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५११ नुसार (जुने कलम ४६५), केवळ कार्यपद्धतीतील चुकीमुळे निकाल फिरत नाही; त्या चुकीने न्यायाची हानी झालेली असावी लागते. हे ठरविताना हरकत आधीच घेता आली असती काय व घ्यावयास हवी होती काय, हेही पाहिले जाते.

'सोनू विरुद्ध हरियाणा राज्य' (२०१७) या खटल्यात मोबाइल कॉलच्या नोंदी आवश्यक प्रमाणपत्राविना दाखल झाल्या होत्या. त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती अपिलात प्रथमच उपस्थित करू दिली नाही. कारण वेळीच हरकत आली असती, तर सरकार पक्षाला त्रुटी दूर करण्याची संधी मिळाली असती. मात्र जो पुरावा मुळातच अग्राह्य आहे, उदाहरणार्थ पोलिसांपुढील कबुलीजबाब, त्यावर अपिलातही हरकत घेता येते.

मग ज्याला वकीलच मिळाला नाही, त्याने हरकत कशी घ्यावी? 'सुक दास' खटल्यात (१९८६) आरोपीने वकील मागितला नव्हता. परंतु मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क त्याला कोणी सांगितलाही नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली.

तेव्हा आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आलाच, तर प्रत्येक तारखेपूर्वी वकिलांना भेटावे, घेतलेली हरकत नोंदली गेली काय हे विचारावे. ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे खटल्याच्या आरंभीच अर्ज करावा. शिक्षा झाल्यास उच्च न्यायालयातील अपिलासाठी साधारणतः ६० दिवसांची, तर फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३० दिवसांची मुदत असते, हेही विसरू नये.