डॅकची किंमत आणि कानांची कसोटी

घरी संगीत ऐकण्याच्या साधनांमध्ये स्पीकर डोळ्यांत भरतो, ॲम्प्लिफायरचे वजन हाताला जाणवते. पण ‘डॅक’ म्हणजेच डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर सहसा नजरेआड राहतो. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, ब्लूटूथ हेडफोन अशा ज्या ज्या साधनातून साठवलेल्या अंकांचा आवाज होतो, त्या प्रत्येकात हे काम करणारी चिप असते. गेल्या काही वर्षांत मात्र डॅक ही स्वतंत्र पेटी म्हणून शौकिनांच्या दिवाणखान्यात येऊन बसली आहे. तिच्या किमतीतील तफावत थक्क करणारी आहे. अमेरिकेत अवघ्या ९ डॉलरना मिळणाऱ्या ॲपलच्या हेडफोन ॲडॅप्टरमध्येही डॅक असतो आणि काही मोजक्या कंपन्यांचे डॅक लाख डॉलरच्या घरात जातात. मूळ काम एकच असताना एवढे अंतर कशामुळे पडते आणि लाखभर रुपये मोजण्यापूर्वी ग्राहकाने नेमके काय तपासावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

अंकांचे स्वर कसे होतात?

१९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यावर प्रत्येक सेकंदाला ध्वनिलहरीची ४४,१०० मोजमापे नोंदलेली असतात आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीवर बसवलेले असते. डॅकचे काम या अंकांपासून पुन्हा अखंड विद्युतलहर तयार करण्याचे. अंकांमुळे लहर पायऱ्या-पायऱ्यांची होते आणि म्हणून सीडीचा आवाज तुटक असतो, हा समज आजही प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. मूळ ध्वनीत नमुनादराच्या निम्म्याहून अधिक कंप्रता नसेल, तर मोजमापांपासून मूळ लहर जशीच्या तशी उभी करता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. सीडीसाठी ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ आहे. माणसाचे कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतात आणि वयानुसार ही मर्यादा खाली येत जाते. पायऱ्या पुसून टाकण्याचे काम डॅकमधील फिल्टर करतो.

हे रूपांतर करण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिली ‘लॅडर’ पद्धत. तीत प्रत्येक बिटासाठी रेझिस्टरची एक पायरी असते. सोळा बिटांची अचूकता हवी, तर सर्वांत मोठ्या पायरीतील चूक पासष्ट हजारांत एका भागाहूनही कमी ठेवावी लागते. निवडक, जुळवलेले रेझिस्टर त्यामुळेच महाग पडतात. दुसरी ‘डेल्टा-सिग्मा’ पद्धत. तीत मोजक्याच पातळ्या वापरल्या जातात, पण त्या प्रचंड वेगाने बदलल्या जातात आणि त्यातून निर्माण होणारा गोंगाट कानांच्या कक्षेबाहेरच्या कंप्रतांकडे ढकलला जातो. आजचे बहुसंख्य डॅक या दुसऱ्या पद्धतीचे आहेत.

डॅकची चिप बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा अनेक ऑडिओ कंपन्यांना आपल्या यंत्रांची रचना दुसऱ्या चिपसाठी नव्याने करावी लागली. वेगवेगळ्या नावांच्या आणि वेगवेगळ्या किमतींच्या पेट्यांमध्ये हृदय एकच असू शकते, हे त्या आगीने ठळकपणे दाखवून दिले. ब्रिटनमधील डीसीएस किंवा कॉर्ड यांच्यासारख्या काही कंपन्या स्वतःची रूपांतर-पद्धत विकसित करतात, हेही येथे नमूद करायला हवे. त्यांच्या किमतीत संशोधनाचा वाटा असतोच. मात्र त्या संशोधनातून ऐकू येईल असा फरक पडतो का, हा प्रश्न स्वतंत्र राहतो.

आकडे काय सांगतात?

डॅकच्या गुणवत्तेचे पहिले परिमाण म्हणजे मूळ संकेत आणि त्यात मिसळलेला गोंगाट व विकृती यांचे गुणोत्तर. तंत्रज्ञ त्याला ‘सिनॅड’ म्हणतात. सोळा बिटांच्या सीडीची स्वतःचीच कमाल मर्यादा सुमारे ९८ डेसिबल आहे. आज दहा-पंधरा हजार रुपयांच्या काही डॅकमध्ये हा आकडा ११० डेसिबलच्या पुढे गेलेला आढळतो. म्हणजे यंत्राचा दोष सीडीच्या मर्यादेखाली झाकला जातो. चोवीस बिटांचे ध्वनिमुद्रण कागदावर १४४ डेसिबलचा आवाका देते. पण इलेक्ट्रॉनिक घटकांतील उष्णताजन्य गोंगाटामुळे प्रत्यक्षात एकही डॅक तेथवर पोहोचत नाही.

या आकड्यांना घराची चौकट लावून पाहावी. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि शहरांत ती पाळली जातेच असे नाही. पंखा सुरू असलेल्या खोलीत पार्श्वभूमीचा आवाज ४० डेसिबल धरला, तरी सीडीचा संपूर्ण आवाका त्याच्यावर ऐकायचा तर ध्वनी १३० डेसिबलच्या पुढे न्यावा लागेल. ती पातळी कानांना वेदना देणारी आहे. हा हिशेब ढोबळ असला, तरी ११५ आणि १२२ डेसिबल सिनॅडच्या दोन यंत्रांतील फरक घरात का हरवतो, हे त्यातून कळते.

दुसरे परिमाण ‘जिटर’चे, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यातील सूक्ष्म अनियमिततेचे. एकेकाळी हा दोष खरोखरच सतावणारा होता. आजचे यूएसबी डॅक बहुधा संगणकाच्या घड्याळावर न विसंबता स्वतःच्या घड्याळानुसार माहिती मागवून घेतात. त्यामुळे बऱ्या रचनेच्या यंत्रात जिटर ही काळजीची बाब उरलेली नाही.

तिसरे परिमाण सर्व कंप्रतांवरील समतोलाचे. येथे काही महागडी यंत्रेही मागे पडतात. फिल्टरशिवाय चालणारे, ‘नॉस’ नावाने ओळखले जाणारे डॅक सीडीवरील २०,००० हर्ट्झचा स्वर सुमारे ३ डेसिबलने दाबतात. काहींना तो आवाज मऊ आणि सुखद वाटतो. तशी आवड असण्यात गैर काही नाही. पण तिला अधिक अचूकता म्हणणे तथ्याला धरून होणार नाही.

कान फसतात ते कोठे?

दुकानात दोन डॅक एकापाठोपाठ ऐकवले जातात आणि महाग डॅक ‘अधिक मोकळा’ वाटतो. अशा वेळी पहिला प्रश्न आवाजाच्या पातळीचा असतो. सीडी प्लेयरचे प्रचलित उत्पादन २ व्होल्ट असते. एखादा डॅक २.५ व्होल्ट देत असेल, तर तो जवळपास २ डेसिबलने मोठा वाजतो. असा किंचित मोठा आवाज कानांना बहुधा मोठा न वाटता अधिक स्पष्ट, अधिक भरीव वाटतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही यंत्रांची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवणे आवश्यक असते. त्यासाठी ५० ते १०० हर्ट्झचा स्थिर स्वर मध्यम आवाजात वाजवून स्पीकरच्या टोकांवरील एसी व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजावे आणि दोन यंत्रांतील फरक एक टक्क्याच्या आत आणावा.

दुसरा प्रश्न माहितीचा. कोणते यंत्र सुरू आहे आणि त्याची किंमत काय, हे ठाऊक असले की ऐकणे निरपेक्ष राहत नाही. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या एलपी तबकड्यांना चोखंदळ श्रोते अस्सल ॲनालॉग म्हणून गौरवत असत. २०११ पासूनच्या अनेक तबकड्या डिजिटल प्रतीवरून तयार झाल्या होत्या, हे २०२२ मध्ये उघड झाले. प्रकरण न्यायालयात गेले. पण अकरा वर्षांत हा डिजिटल टप्पा केवळ कानांनी कोणी ठामपणे पकडला नव्हता, हे त्यातून अधोरेखित झाले.

यावर उपाय म्हणजे अंध चाचणी. घरातील दुसऱ्या व्यक्तीने पडद्याआड नाणेफेक करून यंत्र निवडावे आणि ऐकणाऱ्याने ते ओळखावे. मदतनिसाच्या हावभावांतून वा बोलण्यातून सुगावा लागू नये, याची दक्षता घ्यावी. सोळांपैकी बारा वा अधिक उत्तरे बरोबर आली, तर केवळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. आठ-नऊ बरोबर आली, तर फरक ऐकू आल्याचा पुरावा मिळालेला नाही असे समजावे. ही चाचणी घाईने उरकण्याची गरज नाही. दररोज दोन फेऱ्या केल्या तरी चालतात.

संशोधनही याच अंगाने झाले आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाची तुलना सीडीच्या दर्जावर उतरवलेल्या त्याच संगीताशी केली. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्म्याच्या आसपास. दुसरीकडे, जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा श्रोत्यांना हा फरक अल्प प्रमाणात पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखलपात्र असा जाणवतो आणि प्रशिक्षणाने ती क्षमता वाढते, असे दिसले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर एवढे म्हणता येते की, फरक असला तरी तो निसटता आहे. ‘पडदा दूर झाल्यासारखा’ तर तो निश्चितच नाही.

पैसे कोठे लावावेत?

म्हणजे महागडा डॅक घेणे व्यर्थच, असे नव्हे. भक्कम बांधणी, हवी तेवढी इनपुट, रिमोट, चांगले आवाज-नियंत्रण आणि शहरातच मिळणारी दुरुस्ती यांना मोल आहे. हेडफोन लावायचा असल्यास डॅकचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. संगणक जोडल्यावर स्पीकरमधून घुमणारा आवाज येत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगच्या वर्तुळाचा असतो. ऑप्टिकल केबलने ते वर्तुळ तुटते आणि नवा डॅक घेण्याची वेळ टळू शकते.

एखाद्या विशिष्ट फॉरमॅटसाठी जादा पैसे मोजताना मात्र सावध राहावे. २०१४ मध्ये गाजावाजा करत आलेल्या एमक्यूए फॉरमॅटची मूळ कंपनी २०२३ मध्ये आर्थिक अडचणीत सापडून प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि टायडल या संगीतसेवेने २०२४ मध्ये तो फॉरमॅट बंद केला. त्याच्या चिन्हाखातर डॅक घेतलेल्यांच्या हाती एक निरुपयोगी दिवा उरला.

डॅकची विकृती टक्क्याच्या हजारांश भागात मोजली जाते, तर स्पीकरची कित्येकदा पूर्ण टक्क्यांत. उघड्या भिंतींची, फरशीची खोली खर्जातील काही स्वर दहा-दहा डेसिबलने वाढवते किंवा गिळून टाकते. तंबोऱ्याचा खर्ज एका कोपऱ्यात घुमतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात नाहीसा होतो, त्याला जबाबदार डॅक नसतो. जाड गालिचा, भरलेले पुस्तकांचे कपाट, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढणे यांनी पडणारा फरक ओळखण्यासाठी अंध चाचणीची गरजच भासत नाही. शिवाय मूळ मुद्रणाची मर्यादा कोणतेही यंत्र ओलांडू शकत नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत जे टिपले गेले तेवढेच घरी पोहोचते. नऊ डॉलरच्या यंत्रातून आणि नऊ लाखांच्या यंत्रातूनही.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून आठवडाभर घरी ऐकण्याची मुभा किंवा परत करण्याची लेखी अट मागून घ्यावी. पातळी जुळवावी, सोळा फेऱ्या कराव्यात आणि मगच रक्कम ठरवावी. या चाचणीत ज्याला फरक ओळखता आला नाही, त्याचे कान कमी दर्जाचे ठरत नाहीत. त्याचे पैसे मात्र वाचतात, आणि ते एखाद्या चांगल्या स्पीकरसाठी किंवा हंगामभराच्या मैफलींच्या तिकिटांसाठी उपयोगी पडू शकतात.