जुन्या स्पोर्ट्‌स कारची निगा, भाग 9 : टाकीचा श्वास कुठे अडतो?

नवापूरहून बोईसर स्टेशनपर्यंत गाडी मुकाट जाते. चिल्हार फाट्यावरून महामार्ग 48 ला लागली आणि अर्धा-पाऊण तास एका दमात पळाली, की चढावर ओढ कमी पडते, इंजिन आचके देते आणि बंद पडते. पंधरा मिनिटे बाजूला उभी केली की पुन्हा निमूट सुरू होते. हे लक्षण सांगितले की गॅरेजमध्ये पहिला संशय पंपावर येतो, मग फिल्टरवर, मग कॉइलवर. माझे म्हणणे असे, की पंप बदलण्याआधी टाकीत बाहेरची हवा येते की नाही ते पाहावे. ही तपासणी जवळजवळ फुकट आहे आणि तिचे उत्तर पंप बदलून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा पक्के असते.

हवा आत न येण्याने एवढे काय बिघडते, हा पहिला आक्षेप. थोडा हिशेब करू. टाकीत 20 लिटर मोकळी जागा आहे आणि श्वासनळी, म्हणजे व्हेंट पाइप, पूर्ण बुजलेला आहे. 5 लिटर पेट्रोल जळले की तीच हवा 25 लिटर जागेत पसरते. उन्हाळ्यात त्या जागेतला जवळपास निम्मा दाब पेट्रोलच्या वाफेचा असतो. वाफ विरळ झाली की खालचे पेट्रोल आणखी वाफ देऊन ती भरून काढते, हवेची भरपाई मात्र कुठूनच होत नाही. हवेच्या वाट्याचा सुमारे 50 किलोपास्कल दाब 40 वर उतरतो. फरक 10 किलोपास्कलचाच, पण 30 बाय 40 सेंटिमीटरच्या पत्र्यावर त्याचा भार सुमारे 120 किलो होतो, जणू दोन माणसे टाकीवर उभी आहेत. आत ओढला गेलेला टाकीचा पत्रा म्हणूनच बोलका पुरावा आहे. बोईसरपर्यंत लिटरभरही पेट्रोल जळत नाही, म्हणून तिथवर त्रास होत नाही. महामार्गावर लिटर मोजून जळतात. गाडी उभी राहिली की झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू झिरपते, आणि त्या पंधरा मिनिटांचे गूढ उलगडते.

जाणकार लगेच म्हणतील, हे तर व्हेपर लॉकचेही लक्षण आहे. खरे आहे, आणि ह्या आक्षेपाला हलक्यात घेता येत नाही. इंजिनाच्या धगीने नळीतच पेट्रोल उकळले तरी गाडी अशीच रुसते आणि थंड झाली की चालू लागते. शिवाय दोन्ही दोष एकमेकांना हात देतात: टाकी आतून ओढत असेल तर पंपाच्या शोषणाच्या बाजूचा दाब आणखी घटतो आणि पेट्रोल कमी तापमानालाच उकळते. तरीही वेगळे करता येते. व्हेपर लॉक धगीच्या हिशेबाने येतो, टाकीचा दोष जळलेल्या लिटरांच्या हिशेबाने. म्हणून त्याच रस्त्यावर दोनदा चालवून पाहावे. पहिल्यांदा गाडी बंद पडली की झाकण न उघडता किती मिनिटांनी सुरू होते ते नोंदवावे. दुसऱ्यांदा बंद पडताच, इग्निशन बंद करून, सिगारेट आणि ठिणगीपासून दूर, झाकण हळूच सैल करावे. लगेच सुरू झाली आणि जोमाने पळाली तर दोष टाकीच्या श्वासात आहे. झाकण उघडताना येणारा फुस्स आवाज एवढाच पुरावा मानू नये. कित्येक झाकणांत व्हॉल्व्ह असतो आणि थोडा दाब धरून ठेवणे हेच त्याचे काम. त्यापेक्षा झाकणाच्या कडेला प्लास्टिकची पातळ पट्टी धरावी. ती आत ओढली जाते की बाहेर ढकलली जाते, हेच विचारायचे आहे. बाहेर ढकलली गेली तर वाफेला वाट मिळत नाही, म्हणजे दोष टाकीची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याच्या, कॅनिस्टरच्या बाजूला.

आता वाट कुठे अडते ते. किनाऱ्यावरच्या गावात गाडी पावसाळाभर पोर्चमध्ये झाकून ठेवली, की नळीच्या उघड्या तोंडात कुंभारीण माशी आपले मातीचे घर बांधते. हे लहानसहान कारण वाटेल, पण 2011 मध्ये माझ्दा कंपनीने अमेरिकेत 'माझ्दा 6' च्या 50,000 हून अधिक गाड्या परत बोलावल्या, त्याचे कारण कॅनिस्टरच्या नळीत कोळ्यांनी विणलेली जाळी होती. आतल्या ओढीने टाकीला तडे जाण्याचा धोका होता. 2014 मध्ये तीच वेळ पुन्हा आली. आपल्याकडे गोव्यात बांधलेली सॅन स्टॉर्म असो की परदेशी एमजीबी, बॉडी फायबरची असो वा पत्र्याची, खाऱ्या हवेने गंजणारे पाइप आणि क्लॅम्प सगळ्यांना असतात. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने फुगतात किंवा तडकतात. फुगलेल्या नळीची वाट आतून अरुंद होते, तडकलेलीतून केबिनमध्ये वास येतो. कोळशाचा कॅनिस्टर असेल तर आपली एक सवय त्याला मारते: नॉझल आपोआप बंद झाल्यावरही 'राऊंड फिगर करा' म्हणत आणखी भरणे. द्रव पेट्रोल कोळशात गेले की तो वाफ शोषू शकत नाही. हे पाइप साफ करताना पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र टाकीच्या दिशेने कधीही लावू नये. त्या दाबाने टाकी फुटू शकते. नळी टाकीपासून सोडवावी आणि मग फुंकावी.

झाकणालाच बारीक भोक पाडून टाका, हा गॅरेजचा सर्वांत सोपा उपाय, आणि लक्षण त्याने जातेही. म्हणूनच मी त्याला विरोध करतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; बंद गॅरेजात किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साचते. वळणावर पेट्रोल भोकातून उसळते आणि गाडी उलटली तर धार लागते. आणि आपल्या पावसात त्याच भोकाने पाणी आत येते. इथेनॉल ते पाणी धरून ठेवते, आणि प्रमाण वाढले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, नेमके पंप जिथून ओढतो तिथे. त्याऐवजी त्याच मॉडेलचे व्हॉल्व्ह असलेले झाकण, नवी इंधनरोधक नळी आणि नळीच्या तोंडाला बारीक जाळी एवढे करावे. मग चिल्हार फाट्यापुढे तोच रस्ता, तेवढेच पेट्रोल जाळून पुन्हा कापावा आणि झाकणाशी तीच पट्टी धरून पाहावी.