अबोल मूल आणि मेंदूचे कार्य

शाळातपासणीच्या दिवशी विस्तार अधिकारी वर्गात येतात आणि एरवी पाढे बिनचूक म्हणणारे एखादे मूल एकाएकी गप्प होते. अशा मुलास ‘मठ्ठ’ ठरविण्यापूर्वी त्याच्या मेंदूत त्या क्षणी काय घडत असते, हे शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मेंदूचे कार्य चालू असताना सूक्ष्म विद्युत्लहरी उत्पन्न होतात. जर्मनीतील येना येथील डॉ. हान्स बर्गर यांनी १९२४ साली मनुष्याच्या मेंदूतील अशा लहरींची प्रथम नोंद घेतली व १९२९ साली ती प्रसिद्ध केली. मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला असता सेकंदास सुमारे १० लहरी उमटतात. डोळे उघडताच किंवा मन कामात गुंतताच त्या क्षीण होतात. म्हणजेच परिस्थिती पालटली की मेंदूचे कार्यही पालटते.

हा पालट सर्वांत सारखा नसतो. अमेरिकेतील कार्ल श्वार्ट्झ, जेरोम केगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली २२ तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. वयाच्या दुसऱ्या वर्षी त्यांपैकी १३ जण बुजरे, तर ९ जण धीट म्हणून नोंदले गेले होते. ओळखीच्या चेहऱ्यांनंतर अनोळखी चेहरे दाखविले असता, पूर्वीच्या बुजऱ्यांच्या मेंदूतील बदामाच्या आकाराचे एक केंद्र धिटांपेक्षा अधिक उद्दीपित झाले. भीती व नावीन्य यांची दखल घेण्यात या केंद्राचा मोठा वाटा असतो. स्वभावाची छाप अशी दीर्घकाळ टिकते. परंतु ती प्रकट होते ती भोवतालच्या माणसांच्या निमित्ताने.

रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. इतरांच्या उपस्थितीत पक्के झालेले काम अधिक चांगले होते. नवे, अर्धवट आलेले काम मात्र बिघडते.

यावरून शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

(१) नवा पाठ बुजऱ्या मुलाकडून प्रथम ओळखीच्या सोबत्यापुढे म्हणवून घ्यावा. तो पक्का झाल्यावरच वर्गापुढे उभे करावे.
(२) प्रश्न विचारल्यावर थोडा अवधी द्यावा व उत्तर पाटीवर लिहिण्याचीही मुभा ठेवावी.
(३) चुकीबद्दल चारचौघांत हसे होऊ देऊ नये.

मुलाचा स्वभाव बदलणे शिक्षकाच्या हाती नसेल. वर्गातील वातावरण मात्र निश्चितपणे त्याच्या हाती आहे.