कंसातलं कारण

गेल्या उन्हाळ्यात गावी घराच्या जोत्याची आखणी चालली होती. मिस्त्रींनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, तिथून दोन बाजूंना दोन दोऱ्या ताणल्या. एका दोरीवर ६ फुटांवर खूण केली, दुसरीवर ८ फुटांवर. मग टेपचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाले, "धरा भाऊ त्या खुणेवर. हलवू नका." टेप तिरपी ताणली. १० फूट १ इंच. "गुण्यात नाही," म्हणत त्यांनी एक दोरी जराशी आत सरकवली. बरोबर १० फूट आले तेव्हाच फक्की पडली.

"एका इंचाने काय होतंय?" मी विचारलं.

"आत्ता काही नाही. फरशी बसवताना कळतं."

रात्री कागदावर हिशेब मांडून पाहिला. तिरपं माप एक इंच जास्त आलं, तर कोपऱ्यातला कोन ९० ऐवजी ९१ अंशांचा होतो. एका अंशाचा फरक डोळ्याला दिसत नाही. पण २० फुटांच्या भिंतीचं दुसरं टोक तोवर ४ इंच भरकटलेलं असतं. मग शेवटच्या रांगेतली प्रत्येक फरशी तिरकी कापत बसायचं.

मिस्त्री पायथागोरसचं प्रमेय वापरत होते, असं आपल्यापैकी कोणीही पटकन म्हणेल. मीही म्हणालो. दहावीच्या पेपरात असं लिहिलं असतं, तर गुण गेला असता. पायथागोरसचं प्रमेय सांगतं, की काटकोन असेल तर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी असते. मिस्त्रींकडे काटकोन होता कुठे? तोच तर ते शोधत होते. बाजूंचं नातं जुळलं, म्हणून कोन काटकोन, असा त्यांचा प्रवास उलटा होता. भूमितीत त्याला व्यत्यास म्हणतात आणि तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

वेगळा का, हे घरातल्या उदाहरणाने लगेच पटतं. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, हे खरं. पण अंगण ओलं आहे म्हणजे पाऊस पडला, असं नाही. कोणी सडा टाकला असेल. विधान खरं असलं, तरी उलटं विधान आपोआप खरं होत नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी हा भेद शिकवणारा शाळेतला दुसरा विषय मला आठवत नाही.

आपल्या राज्य मंडळात भूमितीचं पुस्तक म्हणजे गणित भाग २. नववीत समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांची ओळख होते. दहावीत समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन अशी सात प्रकरणं. ही यादी बहुतेकांच्या डोक्यातून चार वर्षांत पुसली जाते. लक्षात राहते ती कंपासपेटी. तिच्यातला कर्कटक अभ्यासापेक्षा बाकावर नाव कोरायला जास्त कामाला आला. आणि गुण्या? गवंडी आणि सुतार काटकोन तपासायला जे अवजार वापरतात, त्याचं नाव आणि कंपासपेटीतल्या त्रिकोणी पट्टीचं नाव एकच, हे आमच्या वर्गात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरी न पुसली जाणारी गोष्ट म्हणजे मांडणी: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. सिद्धतेत डावीकडे विधान, मग टिंबं टिंबं आणि उजवीकडे कंसात कारण. 'पक्ष', 'विरुद्ध कोन', 'सामाईक बाजू'. आम्हाला तो कंस म्हणजे छळ वाटायचा. आकृतीत दिसतंय ना सारखं, मग लिहायचं कशाला? आता वाटतं, भूमितीचा सगळा अभ्यासक्रम त्या कंसासाठीच आहे.

व्यत्यासाचीच सिद्धता बघा. त्रिकोणाच्या बाजू ६, ८, १० आहेत. ६ आणि ८ यांच्यामधला कोन काटकोन आहे, हे दाखवायचं. गंमत अशी, की त्या त्रिकोणाला हातच लावायचा नाही. शेजारी दुसरा काढायचा, मुद्दाम काटकोन घेऊन, ६ आणि ८ बाजूंचा (रचना). त्याचा कर्ण १० येणार (पायथागोरसचं प्रमेय). म्हणजे दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू सारख्या, त्रिकोण एकरूप (बाबाबा कसोटी). म्हणून पहिल्यातला तो कोनही ९० अंशांचा (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन). चार ओळी, चार कंस. यातला एक कंस रिकामा ठेवला, की पुढचं सगळं लटकतं.

बाबाबा, बाकोबा, कोबाको! बाजू आणि कोन यांची ही अक्षरं म्हणजे मराठी शाळेचा खास ठेवा. आमच्या वर्गातल्या एकाने एकदा 'बाबाको' असं ठोकून दिलं होतं. ही कसोटी का नाही, हे कंपास घेऊन दोन मिनिटांत कळतं. एका टोकाला ३० अंशांचा कोन काढा, त्याच्या एका भुजेवर १० सेंटिमीटर घ्या. त्या खुणेवर कंपासचं टोक रोवून ६ सेंटिमीटरचा कंस फिरवा. तो समोरची भुजा दोन ठिकाणी छेदतो. मापं तीच आणि त्रिकोण दोन, एक अरुंद, एक ऐसपैस. म्हणून कोन दोन बाजूंच्या मध्येच हवा: बा-को-बा.

दोरी ताणून काटकोन काढणं आपल्याकडे फार जुनं. यज्ञवेदी मापात बसवण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांच्या नावातला 'शुल्ब' म्हणजेच दोरी. आयताच्या कर्णावरच्या चौरसाचं क्षेत्रफळ दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेएवढं असतं, हा नियम बौधायनाच्या सूत्रांत आहे. सूत्रं नियम आणि कृती सांगतात, कारणाची साखळी मांडत नाहीत. ती साखळी इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या १३ खंडांत रचली. पायथागोरसचं प्रमेय पहिल्या खंडातलं ४७ वं विधान, आणि त्याचा व्यत्यास ४८ वं, त्या खंडातलं शेवटचं.

शब्दांचाही प्रवास आहे. वर्तुळाच्या प्रकरणातली जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये तिच्या अर्ध्या भागावरून गणित मांडलं. तो शब्द अरबीत 'जीबा' झाला. तिथे तो 'जैब', म्हणजे कपड्याची घडी, असा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धरून 'सायनस' आला. त्रिकोणमितीच्या प्रकरणातला साइन तो हाच. दोन प्रकरणांत दोन वेशांत भेटणारी आपलीच जीवा.

पण कारण विचारत मागे मागे गेलं, तर थांबायचं कुठे? त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे घ्या. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, की खालचे दोन कोन व्युत्क्रम कोन म्हणून वर येतात आणि तिन्ही मिळून सरळ रेषा होते. कंसात लिहायचं 'समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन'. त्याच्या मुळाशी युक्लिडचं पाचवं गृहीतक आहे, आणि त्याला मात्र कंस नाही. ते मान्य करून चालायचं. दोन हजार वर्षं अनेकांनी ते सिद्ध करायची धडपड केली. शेवटी १८२९ मध्ये रशियात लोबाचेव्स्कीने आणि १८३२ मध्ये हंगेरीच्या बोल्यायने ते न मानणारी, तरीही आतून सुसंगत भूमिती प्रसिद्ध केली. पृष्ठभाग वक्र असला, की १८० चा भरवसा कसा सुटतो, हे पृथ्वीगोलावर बोट फिरवूनही दिसतं. उत्तर ध्रुवावरून ९० अंशांच्या अंतराने दोन रेखावृत्तं विषुववृत्तापर्यंत उतरवा. त्रिकोण तयार होतो आणि त्याचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. वर्गातलं १८० चुकीचं ठरत नाही. ते कोणत्या अटीवर खरं आहे, एवढं कळतं.

जोत्याच्या चारही बाजू आखून झाल्या, तेव्हा मिस्त्री पुन्हा टेप घेऊन निघाले. आधी समोरासमोरच्या बाजू मोजल्या, मग आडवे-तिडवे दोन्ही कर्ण. कर्ण सारखे आले. मला राहवलं नाही. "कर्णच मोजायचे होते, तर बाजू कशाला मोजल्या?"

त्यांनी काडी उचलली आणि मातीत एक आकृती काढली. वरची बाजू आखूड, खालची लांब, दोन्हीकडचा उतार सारखा. आत दोन कर्ण ओढले.

"हे बघा. यातही कर्ण सारखेच येतात. पण ही खोली चालेल का तुम्हाला?"

समद्विभुज समलंब चौकोन. पुस्तकात असतं, की समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत. 'समांतरभुज' ही अट मी विसरलो होतो. मिस्त्रींनी ती आधीच टेपने तपासली होती.