परमुलुखाचे गाणे

परभाषेतले गाणे समजत नाही, मग ते ऐकायचे कशाला, असे मला पुष्कळजण विचारतात. विचारणारे गृहस्थ बहुधा आदल्याच रात्री एखाद्या बंगाली गाण्यावर मान डोलावून आलेले असतात, ही गोष्ट निराळी!

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने या प्रश्नाचे उत्तर वाद न घालता दिले. वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे आदी मंडळींच्या या पथकाचा ‘भारत दर्शन’ हा कार्यक्रम निरनिराळ्या प्रांतांच्या लोकगीतांनी आणि लोकनृत्यांनी नटलेला होता. लोकगीताचे भाषांतर केले की अर्थ हाती लागतो, पण ठेका मोडतो. परक्या शब्दाभोवती जीभ वळवावी लागते, आणि ती वळवताना त्या मुलुखाची थोडी ओळख होते.

या पथकामागची प्रेरणा आमच्या जिल्ह्यातली. साने गुरुजी दापोली तालुक्यातील पालगडचे. १९३० साली ते त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे दाक्षिणात्य सोबत्यांत राहून ते तामिळ शिकले, ‘कुरल’ मराठीत आणले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी मांडलेली ‘आंतरभारती’ची कल्पना याच सहवासातली. पण याच गुरुजींनी जात्यावरच्या ओव्या वेचून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले, हे आपण सोयीस्कर विसरतो.

मला खटकते ते इथेच. आमच्या कॉलेजातली मुले स्नेहसंमेलनात पंजाबी, आसामी, तामिळ गाणी हौसेने बसवतात. ती बसवावीतच. पण संगमेश्वरी बोलीतले नमन, गौरी-गणपतीतली जाखडी, कोकणी मुसलमानांच्या घरची लग्नगीते यांना त्या यादीत जागा नसते. गेल्या वर्षी एका मुलीला तिच्या वाडीतले नमन म्हणायला सांगितले, तर ती हळूच म्हणाली, “सर, शुद्ध करून म्हणू का?” तामिळ गाण्याच्या वेळी हा प्रश्न तिला पडला नव्हता. बोलीची लाज तिला कोणी लावली? आम्ही मराठीचे मास्तर त्यातून सुटत नाही.

यंदा मुलांनी आसामी गाण्याला लागूनच जाखडी घेतली आहे. पायात चाळ बांधून गोल धरायला मुले तयार आहेत. अडले आहे ते मृदंगापाशी. संगमेश्वराकडचे एक बुवा शिकवायला येणार आहेत. भातकापणी उरकली की येतो, असा त्यांचा निरोप आहे.