अभियांत्रिकीचे शिक्षण : हिशेब पहिल्या दिवसापासून

दहावी-बारावीचे निकाल लागले की सानगडी-साकोली भागातील पालकांचा एकच प्रश्न असतो, "पोराला इंजिनिअर करायचे म्हणतो, कोठे घालू?" प्रश्न योग्य आहे, पण अर्धा आहे. प्रवेश कोठे मिळाला याबरोबरच पुढच्या वर्षांत काय केले, यावर नोकरी ठरते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. यंत्रातले आम्हांस फारसे कळत नाही; मात्र शैक्षणिक कर्जाचा हिशेब कळतो. त्या हिशेबाच्या आधारे हा विषय समाजबांधव व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम मार्ग समजून घेऊ. बारावी विज्ञान करून एमएचटी-सीईटी देणे व चार वर्षांची पदवी घेणे, हा एक मार्ग. या परीक्षेत 200 पैकी 100 गुण गणिताचे असतात, हे अकरावीतच ध्यानी घ्यावे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेसाठी जेईई ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. दुसरा मार्ग दहावीनंतर तीन वर्षांच्या डिप्लोमाचा. साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. हिशेब केला तर दहावीनंतर दोन्ही मार्गांना सहाच वर्षे लागतात. पण डिप्लोमावाल्याच्या हाती तीन वर्षांनी नोकरीपुरते एक प्रमाणपत्र आलेले असते. घरची परिस्थिती बेताची असेल तर या मार्गाला कमी लेखू नये.

आता पैशाचे. कर्जाआधी शिष्यवृत्ती पाहावी. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आज तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे बारावीच्या निकालापर्यंत थांबून होत नाहीत. वैधतेचा अर्ज अकरावी विज्ञानातच करावा. कागदाअभावी गेलेली जागा गुणांनी परत मिळत नाही.

तरीही कर्ज लागलेच, तर धानाची बांधी गहाण टाकण्यापूर्वी बँकेत या. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. आईवडील सहकर्जदार असतात. 2015 च्या हमी निधी योजनेमुळे 7.5 लाखांपर्यंतचे कर्जही विनातारण देता येते. वार्षिक उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी 2009 पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. मात्र संस्थेला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे मानांकन आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहावे.

परतफेड शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. परंतु व्याज पहिल्या हप्त्यापासूनच चढते. समजा, दरवर्षी सुरुवातीला 1 लाख याप्रमाणे 4 लाख उचलले व दर 10 टक्के सरळव्याज आहे. चार वर्षांचे व्याज अनुक्रमे 10, 20, 30 व 40 हजार, आणि नंतरच्या एका वर्षाचे आणखी 40 हजार. म्हणजे अनुदान नसेल तर पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी देणे 5 लाख 40 हजारांचे झालेले असते. विद्यार्थी मित्रहो, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते; मग तयारी शेवटच्या वर्षी सुरू करून कसे चालेल?

पहिल्या वर्षी गणित, मेकॅनिक्स व ड्रॉइंग यांत विषय राहिले की ते ओझे पुढील सत्रांत वाढत जाते. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलास इंग्रजीची धास्ती वाटते. 2021 साली पुण्याच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झाले, पण बहुतेक ठिकाणी पुस्तके इंग्रजीच आहेत. रोज एक पान वाचावे, तांत्रिक शब्द तसेच ठेवून त्याचा अर्थ मराठीत लिहावा, व तो सोबत्याला समजावून सांगावा. समजलेले सांगता आले, की मुलाखतीची निम्मी तयारी होते.

अभियांत्रिकी परकी नाही. आपल्या भागातील मामा तलाव पाहा. कोहळी पूर्वजांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी बांधल्या व धानाला पाणी दिले. स्थापत्यच्या विद्यार्थ्याने अशा तलावाची पाळ व सांडवा मोजून पाहावा. गोसीखुर्द प्रकल्प, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, गडेगावचा अशोक लेलँड, वरठीचा सनफ्लॅग, तुमसर भागातील मॅंगनीज खाणी ही कामाची ठिकाणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. सुट्टीतील प्रशिक्षणासाठी महाविद्यालयाचे पत्र घेऊन दुसऱ्या वर्षापासूनच अर्ज करावेत. पदवी वा डिप्लोमानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह उमेदवारीही करता येते. तिसऱ्या वर्षापासून गेट देता येते. तिच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश व काही सरकारी कंपन्यांत नोकरी मिळते. रेल्वे व शासनाच्या कनिष्ठ अभियंता परीक्षांनाही पाया पहिल्या-दुसऱ्या वर्षाचाच लागतो.

नागपूरच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकवण्या करून बंगलोरला शिकले, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात अभियांत्रिकीला आले आणि 1883 साली परीक्षेत पहिले आले. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते थांबले नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

समाजातील नोकरदारांना आमची विनंती आहे. केवळ सत्कारावर न थांबता, पहिल्या वर्षाच्या एकेका विद्यार्थ्याकडे दरमहा चौकशी करावी : कोणता विषय अडला, कोणता कागद राहिला. त्यास पैसा लागत नाही, वेळ लागतो.