सिन्नरची ओढ

चकत्यांची चळत फिरते आहे. मोटर नाही, पट्टा नाही. ताईंनी दोन बोटांनी दिलेला एक झटका, तेवढ्यावर. खाली तेलावर तरंगणारा बोटाएवढा पिस्टन आणि त्याच्या डोक्यावर रचलेल्या पोलादी चकत्या. सिन्नरजवळच्या मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याची ही मागची खोली, ताईंची गेज तपासायची प्रयोगशाळा. शेजारच्या गाळ्यात प्रेसचे दणके चालू आहेत, बाहेर ट्रक मागे घेणाऱ्याला कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतंय, आणि इथे ही चळत इतकी निःशब्द फिरते की ती फिरते आहे हे कळायला तिच्या कडेवरून सरकणारा उजेड बघावा लागतो.

"हात लावू नका," ताई म्हणाल्या. "थांबली की रीडिंग गेलं."

या यंत्राला डेड वेट टेस्टर म्हणतात. दाब मोजण्याचं याहून सरळ साधन मी पाहिलेलं नाही. ठरावीक क्षेत्रफळाचा पिस्टन, त्यावर ठरावीक वजन. वजनाची ओढ भागिले क्षेत्रफळ, की खालच्या तेलातला दाब निघाला. सातवीतल्या मुलाला समजेल. पण पिस्टन स्थिर राहिला तर तो सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि थोडं वजन भिंतच पेलून धरते. फिरता ठेवला की तो तेलाच्या पातळ थरावर मोकळा होतो आणि सगळा भार तेलावर येतो. त्याच तेलाच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला तपासायला आलेला गेज बसवलेला असतो. ताई चकती ठेवतात, झटका देतात, गेजच्या काचेवर नखाने हलकेच टिचकी मारतात, काटा वाचतात, लिहितात. मग पुढची चकती. वरपर्यंत जाऊन पुन्हा एकेक चकती उतरवत खाली, कारण चढताना जे दिसतं तेच उतरताना दिसतं असं नाही.

गेज म्हणजे बॉयलरवर, कंप्रेसरवर, हायड्रॉलिक प्रेसवर दिसते ती गोल तबकडी. तिच्या आत असलेल्या वाकड्या, चपट्या, पोकळ नळीचं पेटंट युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने 1849 मध्ये घेतलं. दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. ती थकते. कधी गेज हातातून पडतो, कधी दणक्यांनी काटा सरकतो. म्हणून ठरावीक काळाने तो इथे येतो. कारखान्यातली माणसं दाब 'किलो'त बोलतात. "सात किलो प्रेशर ठेव" म्हणजे चौरस सेंटिमीटरला सात किलो. असा एक किलो म्हणजे 0.98 बार. किलो आणि बार एकच धरणारा तिथेच दोन टक्के हरवून बसतो. ताईंचा दिवस त्या दोन टक्क्यांच्या चाळिसाव्या हिश्शात जातो.

मला या खोलीत बसवून ठेवलं ते मात्र भिंतीवरच्या एका छोट्या कागदाने. त्यावर एकच आकडा होता, सिन्नरच्या गुरुत्वाकर्षणाचा. चकत्यांवर कोरलेला दाब प्रमाण गुरुत्वाला, म्हणजे 9.80665 ला, खरा असतो. पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही. विषुववृत्ताकडे सरकावं तशी ओढ कमी होते, उंचावर चढावं तशी आणखी कमी होते. दिल्लीत हा आकडा 9.79 च्या किंचित वर आहे. सिन्नर दिल्लीच्या बरंच दक्षिणेला आणि वर पठारावर, त्यामुळे इथे तो 9.78 च्या थोडासा वर. प्रमाण गुरुत्वापासून फरक 0.2 टक्क्यांहून थोडा जास्त. शंभर बार लिहिलेली चळत या खोलीत शंभर बार देतच नाही, पाव बारच्या आसपास कमी देते. ताई प्रत्येक रीडिंगमध्ये ही दुरुस्ती करतात. ज्या गावी गोंदेश्वराचं देऊळ यादवांच्या काळापासून उभं आहे त्या गावची माती किती जोराने खाली ओढते याचा हिशेब इथल्या बॉयलरच्या कागदात लिहिला जातो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी तो कागद दोनदा वाचला.

आलो होतो दुसऱ्याच कामाला. संपादकांना सिन्नरच्या कारखानदारीवर लेख हवा होता. माळेगावच्या एमआयडीसीत एका व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये चौकटीतली प्रमाणपत्रं ओळीने लावलेली पाहिली आणि विचारलं, ही देतं कोण? त्यांनी सांगितलं. मग विचारलं, आणि देणाऱ्याला कोण देतं? ते हसले नाहीत, विचारात पडले. म्हणाले, "मुसळगावला जाऊन या. तिथे कळेल."

अधिकृत उत्तर थोडक्यात असं. चाचणी आणि कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ म्हणजे एनएबीएल. ते 1988 मध्ये सुरू झालं आणि आज भारतीय गुणवत्ता परिषदेचा भाग आहे. प्रयोगशाळेने कसं वागावं हे आयएसओ/आयईसी 17025 या मानकात लिहिलंय. मान्यता देणाऱ्यांनी कसं वागावं याचं वेगळं मानक आहे, 17011. आणि देशोदेशीची मान्यता-मंडळं एकमेकांना तपासतात. तसा परस्पर करार 2 नोव्हेंबर 2000 ला वॉशिंग्टनमध्ये झाला, त्यात एनएबीएल आहे. म्हणून इथला अहवाल परदेशातल्या ग्राहकाने पुन्हा चाचणी न मागता स्वीकारायचा असतो. मोजमापाची साखळी वेगळी. ताईंचे मास्टर, म्हणजे ज्यांच्याशी गेज ताडायचे ती प्रमाण साधनं, वरच्या प्रयोगशाळेत तपासले जातात, तिचे आणखी वर, आणि शेवटी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, जिथे किलोग्रॅमचा 57 क्रमांकाचा नमुना ठेवलेला आहे. 20 मे 2019 पासून किलोग्रॅम धातूच्या ठोकळ्यावर नव्हे तर प्लांकच्या स्थिरांकावर टांगला गेला, तरी सिन्नरपर्यंत येणारी साखळी तीच राहिली. एक कडी तुटली की खालचं सगळं लोंबकळतं.

हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मावशी होती.

मावशी सिन्नरची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली टेंभुर्णीची पानं. पत्र्याच्या चौकोनी तुकड्याचं माप पानावर ठेवून ती कात्री चालवायची. मापाने कापलेलं पान, हाताच्या अंदाजाने तंबाखू, दोऱ्याचा वेढा. हजार विड्या झाल्या की माल घेणाऱ्याकडे द्यायला जायची. तिथे चेकर बसायचा. तो विड्या हातात घेऊन बघायचा आणि काही बाजूला टाकायचा. ती छाट. छाटलेल्या विडीची मजुरी मिळत नसे आणि विडीही परत मिळत नसे. मावशीची विडी वाईट नव्हती. पण तपासणारा माल घेणाऱ्याचा पगारी होता, आणि त्याने जास्त छाटलं की फायदा त्याच्याच मालकाचा होता. तिने कुणाकडे जायचं? ही तक्रार तिची एकटीची नव्हती. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यात छाटलेल्या विड्यांवरून होणाऱ्या वादांसाठी तरतूद करावी लागली, ती उगाच नाही.

बनवणारा स्वतः तपासतो, घेणारा तपासतो, किंवा दोघांचाही नसलेला तिसरा तपासतो. गुणवत्तेच्या पुस्तकांत याला पहिला, दुसरा, तिसरा पक्ष म्हणतात. मावशीला तिसरा पक्ष कधी मिळाला नाही. सोन्याच्या दागिन्याला तो मिळाला. जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि शुद्धता सराफाने नव्हे, वेगळ्या केंद्राने तपासायची असं ठरलं. मापन, मान्यता, प्रमाणपत्र या कोरड्या शब्दांच्या मुळाशी मला ती छाटच दिसते. तपासणाऱ्याचं पोट कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी प्रावीण्य चाचणीची गोष्ट सांगितली. एकच गेज एका प्रयोगशाळेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा फिरवतात. प्रत्येकीने आपापली मोजणी बंद पाकिटात द्यायची आणि ती खात्रीच्या मूल्याशी ताडून पाहतात. फरक भागिले दोन्हीकडच्या अनिश्चिततेचा मेळ. उत्तर एकच्या आत आलं तर ठीक. ताईंचं एका वर्षी दीडच्या आसपास आलं.

"रात्रभर झोप नाही," त्या म्हणाल्या. "वजनं बरोबर, गुरुत्व बरोबर, तापमान बरोबर. मग सापडलं. गेजचं तोंड पिस्टनच्या पातळीपेक्षा अर्ध्या वितीहून थोडं कमी, दहा सेंटिमीटर वर होतं. तेवढ्या तेलाच्या उंचीचा दाब वजा करायचा राहिला होता."

दहा सेंटिमीटर तेल म्हणजे बारचा शंभरावा भागसुद्धा नाही. पण दहा बारवर तेवढाच फरक त्यांना बाहेर काढायला पुरला. त्यांनी ते स्वतः लेखी कळवलं, आधी दिलेली कोणती प्रमाणपत्रं चुकली असतील ते शोधलं, ग्राहकांना फोन केले. पुढच्या ऑडिटला मूल्यमापकांनी त्यांना समोर उभं करून तीच मोजणी करायला लावली. ती नीट झाली, तरी जुन्या चुकीची नोंद फाइलमध्ये कायम आहे, आणि ती त्यांनी मला स्वतःहून काढून दाखवली. मला त्या प्रयोगशाळेचा भरवसा भिंतीवरच्या बोधचिन्हाने वाटला नाही, त्या फाइलने वाटला.

प्रमाणपत्रातही एक ओळ अशीच आहे, जी बहुतेक ग्राहक वाचत नाहीत. अनिश्चितता. 10.00 बार, अधिक-उणे इतका. मला एवढंच कळतं, याच्या पलीकडचं मला कळत नाही, असं सही करून सांगणं. आपल्याकडे कागदावर असं लिहिणारी खाती फार थोडी.

आता काळजीच्या गोष्टी. त्या मी ताईंकडून कमी आणि आजूबाजूच्या गाळ्यांत हिंडून जास्त गोळा केल्या.

पहिली गोष्ट भावाची. गेजमागे मिळणारे पैसे इतके खाली आले आहेत की चढती-उतरती रीडिंगं नीट घ्यायला लागणारा वेळ त्यात बसत नाही. वातानुकूलन दिवसरात्र चालवावं लागतं, मास्टर दूर पाठवावे लागतात, मान्यतेची फी आहे. शिकवून तयार केलेली मुलं दोन वर्षांत मोठ्या कंपनीत जातात. स्वस्तात देणारे आहेतच. गेज न उघडता, काही ठिकाणी न बघताही, छापील आकडे देणारे. मान्यताप्राप्त अहवालावर यूएलआर नावाचा वेगळा क्रमांक असतो, तो ताडून बघता येतो. ताडून बघणारा खरेदी अधिकारी मला एकच भेटला.

दुसरी गोष्ट बोधचिन्हाची. प्रयोगशाळेला मान्यता मिळते ती ठरावीक मोजमापांपुरती, ठरावीक पल्ल्यापुरती. त्याला स्कोप म्हणतात. दाबाची मान्यता असलेल्याने तापमानाचा कागद दिला तर त्या कागदामागे कुणी उभं नाही. पण ग्राहक चिन्ह बघतो, स्कोप बघत नाही. तसंच आयएसओ 9001 चं. ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, मालाला नाही, आणि ते आयएसओ स्वतः देतही नाही. तरी खोक्यावर ते माल उत्तम असल्यासारखं छापलेलं मी पाहिलं.

तिसरी गोष्ट 'ड्यू डेट'ची. पुढची तारीख ग्राहकाशी ठरल्याशिवाय प्रमाणपत्रावर लिहू नये असं 17025 सांगतं, कारण गेज कुठे आणि कसा वापरला जाईल हे प्रयोगशाळेला ठाऊक नसतं. कारखान्यात मात्र वर्षाचं स्टिकर म्हणजे वर्षाचं अभयदान. एका ठिकाणी स्टिकर ताजं होतं आणि दाब शून्य असताना काटा शून्याच्या वर अडकलेला. चालवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते माहितीये सगळ्यांना, आम्ही तेवढं वजा धरतो." त्याच्या मागे वाफेची लाइन होती.

मोठ्या यंत्रांची अडचण आणखी वेगळी. विजेच्या जड सामानाच्या चाचणीसाठी नाशिककरांनी बंगळूर-भोपाळच्या वाऱ्या केल्या, तेव्हा कुठे शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचं केंद्र आलं. लहान गेजसाठी कुणी मागणी करत नाही. तो शंभर ठिकाणी बसवलेला असतो आणि कुणाच्याच नजरेत नसतो.

संध्याकाळी निघताना ताईंचा फोन वाजला. त्या बराच वेळ ऐकत होत्या. पलीकडून सांगत होते की प्लांट चालू आहे, गेज लाइनवरून काढता येणार नाही, उद्या ऑडिट आहे, मागच्या वर्षीचेच आकडे टाकून द्या.

"दादा, गेज पाठवा. रात्री थांबते मी, करून देते."

पलीकडून काही बोलणं झालं. दुसरीकडून मिळेल, असं असावं. ताईंनी फोन ठेवला, आवक वही ओढली, त्या कारखान्याच्या नावापुढे तारीख घातली आणि लिहिलं, 'गेज आला नाही.' पान माझ्या बाजूला होतं. वर याच शेऱ्याच्या आणखी काही ओळी होत्या.